‘बाबाही उशिराच बोलला होता’

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून :

“माझा मुलगा दोन वर्षं दहा महिन्यांचा आहे. दीड वर्षाचा असताना ‘आई’, ‘बाय’, ‘बॉल’ असे सात-आठ शब्द म्हणायचा. मग हळूहळू ते गेलेच. आता काही हवं असलं की माझं मनगट धरतो, ओढत नेतो आणि माझा हात नळावर ठेवतो. माझ्याकडे बघत नाही, हाताकडे बघतो. हाक मारली तर वळत नाही, पण दुसऱ्या खोलीत मोबाइलवर त्याचं गाणं लागलं की धावत येतो. गाडी उलटी करून चाकं फिरवत बसतो. जाहिरातीतली अख्खी ओळ चालीसकट म्हणतो, पाणी मात्र मागत नाही. नवरा म्हणतो, ‘मीही साडेतीन वर्षांनी बोललो, थांबून बघू.’ सासूबाईंचंही तेच. नणंदेने ‘गतिमंद तर नाही ना?’ विचारलं आणि घरात दोन दिवस अबोला झाला. रात्री सगळे झोपल्यावर मी वाचत बसते : स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, एडीएचडी, अजून काय काय. तो नऊ महिन्यांचा असताना मी कामावर रुजू झाले, मोबाइलही हातात दिला. माझ्यामुळे झालं का हे? मैत्रीण म्हणते लशीमुळे होतं. धाकटी अकरा महिन्यांची आहे, तिची गोवराची लस थांबवू का? आणि याला तपासायला नेलं नि नाव लागलं, तर ते जन्मभर चिकटणार ना? – एक आई”

ताई,

घाईचं काम आधी. धाकटीची लस थांबवू नका, ठरल्या दिवशी टोचून आणा. ही भीती कुठून आली ते ऐका. १९९८ साली ब्रिटनमधले डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अवघ्या १२ मुलांवरचा एक लेख छापला आणि गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीकडे संशयाचं बोट दाखवलं. पुढे चौकशीत त्या मुलांच्या नोंदींत फेरफार केल्याचं उघड झालं. २०१० मध्ये नियतकालिकाने लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांचं नाव ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या नोंदणीतून काढून टाकण्यात आलं. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या, त्याचा निष्कर्ष २०१९ मध्ये आला : लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नता जास्त आढळली नाही. गोंधळ होतो तो वयामुळे. ही लस देतात ते वय आणि स्वमग्नतेची लक्षणं आईबापांच्या नजरेत भरायला लागतात ते वय, दोन्ही जवळजवळ येतात. एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं मन धरून बसतं. गोवर मात्र खरा आहे आणि त्यातून मेंदूला सूज येऊ शकते. मैत्रिणीचा हेतू चांगला असेल, सल्ला चांगला नाही.

आता मुलाकडे. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच जागी थांबले : ‘माझ्याकडे बघत नाही, हाताकडे बघतो.’ तुम्ही ते सहज लिहिलंत. माझ्यासारखीला, जिचं आयुष्य लहान मुलांच्या बोलण्यावर काम करण्यात गेलं, त्या वाक्यात सगळ्या पत्राएवढी माहिती आहे.

घरातली मोठी माणसं मुलाचे शब्द मोजतात. मी आधी बोट बघते. वर्षाच्या आसपास मूल बोट दाखवायला लागतं आणि त्यात दोन तऱ्हा असतात. एक, ‘मला ते दे.’ दुसरी जास्त मोलाची. आकाशात विमान जातंय. मूल बोट वर करतं, वळून आईच्या चेहऱ्याकडे बघतं, पुन्हा विमानाकडे बघतं. त्याला विमान नकोय. त्याला एवढंच हवंय की तुम्हीही ते बघावं. तोंडातून एक अक्षर निघालेलं नसतं, तरी त्या दोन सेकंदांत दोन माणसांचं बोलणं पुरं झालेलं असतं. शब्द नंतर येतात आणि याच वाटेवरून येतात.

तुमचा मुलगा मनगट धरून हात नळावर ठेवतो. त्याला नळ कळतो, तो हाताने उघडतो हे कळतं, स्वतःला जमत नाही तर कुणाला आणायचं हेही कळतं. म्हणजे बुद्धी चालते आहे, आणि ‘काही कळत नाही त्याला’ असं कुणी म्हणालं तर हे उदाहरण समोर ठेवा. पण तुमचा हात त्याच्या लेखी नळाच्या चावीसारखा आहे. त्या हाताला जोडलेला चेहरा, आणि त्या चेहऱ्यामागे ‘आईला सांगायचं’ ही जाणीव, हा दुवा कच्चा राहिलाय. बोलायला उशीर होणं आणि हा दुवा कच्चा असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून तुमच्या नवऱ्याचं उदाहरण इथे सरळ लागू करता येत नाही.

उशिरा बोलणारी मुलं असतात, मी नाकारत नाही. दोन वर्षांचं मूल पन्नास शब्दही बोलत नाही, पण सांगितलेलं सगळं कळतं, खुणा भरपूर करतं, बाहुलीला झोपवण्याचं खोटंखोटं नाटक करतं, कुणी आलं की लाडात येतं. अशातली बरीच मुलं शाळेच्या वयापर्यंत बरोबरीला येतात. तुमच्या घरातल्या तीन गोष्टी मात्र या चित्रात बसत नाहीत. हाकेला ओ नाही. दाखवण्यासाठी बोट नाही. आणि आलेले शब्द गेले. या तिसऱ्या गोष्टीवर मी ठाम आहे. आलेलं बोलणं किंवा आलेलं हसणं-खेळणं गेलं, तर कोणत्याही वयात, कोणत्याही घरात, ‘थांबून बघू’ हे उत्तर नसतं.

‘थांबून बघू’ हे मीही एकदा म्हटलं होतं. कामाला लागून थोडीच वर्षं झाली होती. दोन वर्षांचा एक मुलगा आला, गोड, माझ्या मांडीवर बसला, डोळ्यांत डोळे घालून हसला. स्वमग्न मुलं नजरेला नजर देत नाहीत एवढंच ढोबळ तेव्हा डोक्यात होतं. मी त्याच्या आईला म्हटलं, सहा महिन्यांनी या. ती दीड वर्षाने आली. मूल तेच, हसणं तेच, शब्द शून्य, आणि मागायचं कसं हे न कळल्यामुळे डोकं जमिनीवर आपटणं सुरू झालेलं. त्याच्या स्वमग्नतेला मी कारण नव्हते. ती दीड वर्षं मात्र माझ्या शब्दावर गेली. तेव्हापासून एखादं मूल नजर देतं, मिठी मारतं, एवढ्यावरून मी कुणालाही ‘काही नाही’ असं सांगितलेलं नाही.

हे विकासाचे विकार म्हणजे नेमकं काय, ते आता सांगते, कारण रात्री बारा वाजता वाचलेली नावं डोक्यात नुसती गरगरतात. मूल पोटात असतानाच मेंदूच्या पेशी तयार होतात, आपापल्या जागी सरकतात, एकमेकींशी जोडल्या जातात. जन्मानंतर या जोडण्यांचा वेग अफाट वाढतो. लहान मुलाच्या मेंदूत मोठ्या माणसाच्या मेंदूपेक्षा जास्त जोडण्या असतात आणि पुढे वापरातल्या टिकतात, बाकीच्या छाटल्या जातात. ही घडणच काही मुलांत वेगळ्या तऱ्हेने होते. मग चालणं, बोलणं, लक्ष लावणं, माणसांशी जोडून घेणं, अक्षर ओळखणं यांतलं काही उशिरा येतं, अर्धवट येतं किंवा निराळ्या रूपात येतं. ताप येतो आणि जातो, तसं हे बाहेरून आलेलं काही नाही. म्हणून ‘कधी बरा होईल?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसतं. ‘त्याला काय जमवायला मदत लागेल?’ असं विचारा, त्याला भरपूर उत्तरं आहेत.

विकारांच्या या कुटुंबात बरेच जण आहेत. बौद्धिक अक्षमता, भाषेचे आणि उच्चारांचे विकार, तोतरेपणा, स्वमग्नता, लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता म्हणजे एडीएचडी, वाचन-लेखन-गणितातली अध्ययन अक्षमता, हालचालींचा ताळमेळ न जमणं. पुस्तकात ते वेगवेगळ्या खणांत ठेवलेले दिसतात, मुलांत तसे राहत नाहीत. एकाच मुलात दोन-तीन एकत्र असणं नेहमीचं आहे. गंमत म्हणजे २०१३ पर्यंत अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत स्वमग्नता असलेल्या मुलाला एडीएचडीचं निदान वेगळं देताच येत नव्हतं. मुलं तेव्हाही तशीच होती, पुस्तिका बदलायला वेळ लागला. प्रत्येक विकार दिसायला लागण्याचं वयही निराळं. वाचनाची अडचण अक्षरांशी गाठ पडल्याशिवाय कळायची कशी? म्हणून पावणेतीन वर्षांच्या मुलासाठी त्या सगळ्या नावांची रोज रात्री उजळणी करू नका. त्यातली अर्धीअधिक या वयात ठरवताच येत नाहीत.

नणंदेच्या शब्दाबद्दल. ‘गतिमंद’ हा शब्द आपल्याकडे इतका सैल वापरला जातो की त्यातून काहीच कळत नाही आणि घाव मात्र बसतो. जो मुलगा बोलत नाही, हाकेला येत नाही, सांगितलेलं करत नाही, त्याची बुद्धी बोलण्यावर आधारलेल्या कसोटीने मोजली तर आकडा कमीच येणार. तो आकडा बुद्धीचा की कसोटीचा, सांगता येत नाही. म्हणूनच पाच वर्षांखालच्या मुलांत, जिथे सगळ्याच बाबतीत उशीर दिसतो तिथेही, तज्ज्ञ बहुधा ‘सर्वांगीण विकासविलंब’ एवढंच म्हणतात आणि पुढची तपासणी मूल थोडं मोठं झाल्यावर करतात. नणंदेशी भांडण मिटवा. तिला काळजी वाटली, शब्द चुकीचा निवडला गेला. दिसत असूनही सगळे गप्प होते तेव्हा ती बोलली हेही आहे.

तुमच्या मनातल्या अपराधाला मोठा इतिहास आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळते. १९४३ साली लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने अमेरिकेत ११ मुलांचं वर्णन करणारा लेख लिहिला. स्वमग्नतेची आजची ओळख तिथून रुजली. आयांनी आणि बापांनी ज्या गोष्टी वर्षानुवर्षं पाहिल्या असतील त्या त्यात एकत्र आल्या. हे जन्मजात असावं असं त्याने लिहिलं, पण त्याच ओघात या मुलांचे आईबाप थंड, कोरडे वाटतात असंही लिहिलं. ती एक ठिणगी पुरली. पुढची वीस-पंचवीस वर्षं, विशेषतः अशा मुलांची शाळा चालवणाऱ्या ब्रुनो बेटलहाइम यांच्यासारख्यांच्या लिखाणातून, आईच्या मायेत ऊब नव्हती म्हणून मूल असं झालं, हे शास्त्र म्हणून सांगितलं गेलं. आयांना उपचार दिले गेले, मुलं त्यांच्यापासून दूर ठेवली गेली. किती घरं त्यात होरपळली असतील याचा विचार आला की मला अजून संताप येतो. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता, या म्हणण्याला पुराव्यानिशी उत्तर दिलं. १९६९ मध्ये कॅनरने पालकांच्या एका सभेत उभं राहून आईबापांना जाहीरपणे दोषमुक्त केलं. मग १९७७ मध्ये सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर या संशोधकांनी जुळ्यांचा अभ्यास केला. एकाच बीजापासून झालेल्या ११ जोड्यांपैकी चार जोड्यांत दोघांनाही स्वमग्नता होती. वेगळ्या बीजांच्या दहा जोड्यांत एकाही जोडीत दोघांना नव्हती. घर तेच, आई तीच, माया तीच, फरक बीजाचा. नंतरच्या मोठ्या अभ्यासांनी हेच पक्कं केलं : स्वमग्नतेत सगळ्यात मोठा वाटा जनुकांचा आहे.

तेव्हा तुम्ही नऊ महिन्यांनी कामावर गेलात यामुळे हे झालेलं नाही. मोबाइलमुळेही स्वमग्नता होत नाही. पण मोबाइलला मी अगदीच मोकळं सोडणार नाही. पडद्यासमोर गेलेल्या वेळात मूल माणसाच्या चेहऱ्यासमोर नसतं, आणि तुमच्या मुलाला नेमकी चेहऱ्याच्या सरावाचीच गरज आहे. कारण म्हणून नव्हे, पुढच्या कामासाठी तो बाजूला ठेवा. कुणी ‘घरात एकच भाषा बोला, दोन भाषांनी गोंधळतो’ असं सांगितलं, तर त्यातही तथ्य नाही. ज्या भाषेत तुम्हाला लाड करता येतात, रागावता येतं, गाणं म्हणता येतं, तीच त्याच्याशी बोला.

कॅनरच्या त्या ११ मुलांतला पहिला, डोनाल्ड ट्रिपलेट. ‘नाव चिकटेल’ या तुमच्या भीतीसाठी त्याची गोष्ट सांगते. तीन वर्षांचा असताना डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्याला एका संस्थेत ठेवलं गेलं. वर्षभराने आईबाप त्याला घरी घेऊन आले. कॅनरकडे जाण्याआधी बापाने मुलाबद्दल ३३ पानी टंकलिखित पत्र पाठवलं : काय करतो, कधी करतो, काय म्हणतो. कॅनरचा लेख उभा राहिला त्यात या पत्राचा मोठा वाटा आहे. त्यातली एक नोंद मला फार आवडते. बाप त्याला ‘हो’ म्हणायला शिकवत होता आणि शिकवताना म्हणाला, हो म्हणालास तर खांद्यावर घेईन. डोनाल्ड शिकला. पण त्यानंतर बराच काळ ‘हो’ या शब्दाचा त्याच्या लेखी अर्थ एकच होता : मला खांद्यावर घे. तुमच्या मुलाची जाहिरातीची ओळ मी याच नजरेने बघते. ती निरर्थक पोपटपंची नसावी. तो ती कधी म्हणतो ते बघा. आनंदात? कंटाळला की? दार वाजलं की? त्या अख्ख्या ओळीला त्याने एखादा अर्थ दिलेला असेल आणि तो अजून कुणी विचारलेला नसेल.

डोनाल्ड पुढे कॉलेज शिकला, आपल्याच गावातल्या बँकेत नोकरी केली, सत्ताविसाव्या वर्षी गाडी चालवायला शिकला, गोल्फ खेळला, एकटा देशोदेशी फिरला. २०२३ मध्ये ८९ वर्षांचा होऊन गेला. प्रत्येक मूल असंच होईल असं मी म्हणत नाही. काहींना आयुष्यभर रोजच्या गोष्टींतही मदत लागते आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण स्वमग्नता हा शब्द इतिहासात त्याच्याइतका आधी कुणालाच चिकटला नव्हता, आणि गावातली माणसं त्याला आपला शेजारी म्हणून ओळखत होती.

नाव न लागल्याने मूल बिननावाचं राहत नाही, ताई. हट्टी, लाडावलेला, बहिरा, वेडा, ही नावं आजूबाजूची माणसं फुकट लावतात. त्यापेक्षा असं नाव बरं, ज्याच्यामागे त्याला काय समजावं आणि कसं शिकवावं याची माहिती जोडलेली आहे. आणि ज्या कामाने फरक पडतो ते सुरू करायला निदानाच्या कागदाची वाट बघावी लागत नाही.

पहिली तपासणी कानांची. ‘गाणं ऐकून धावतो म्हणजे ऐकू येतं’ यावर जाऊ नका. काही मुलांना काही पट्टीतले आवाज येतात, बोलण्यातली बारीक व्यंजनं येत नाहीत. काहींच्या कानाच्या पडद्याआड द्रव साचून ऐकणं कमी-जास्त होत राहतं. माझ्याकडे स्वमग्नतेच्या भीतीने आणलेली एक मुलगी दार आपटलं की वळायची, तिच्या आईला तो मोठा दिलासा होता. निघालं असं की तिला आवाज ऐकूच येत नव्हता, जमिनीचा हादरा कळत होता. श्रवणतज्ज्ञाकडे बेरा, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का हे यंत्राने बघणारी चाचणी, आणि गरज असेल त्या इतर चाचण्या होतात. बेरात मुलाने उत्तर द्यावं लागत नाही, ती मूल झोपेत असतानाच करतात.

त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना भेटा आणि नीट शब्दांत सांगा : ‘याचे आलेले शब्द गेले आहेत.’ मुलांच्या विकासाचे तज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे पाठवायला सांगा. रक्ताच्या चाचणीने किंवा मेंदूच्या फोटोने स्वमग्नतेचं निदान होत नाही. मुलाला खेळताना बघून, तुमच्याशी बोलून ते करतात. इतर चाचण्या सांगितल्या तर त्या दुसरं काही नाही ना हे पाहण्यासाठी असतात. आणि एक नीट लक्षात ठेवा. मध्येच शून्यात बघत राहतो, त्या वेळी हलवलं तरी भानावर येत नाही, अंगाला झटके येतात, हाताने करायच्या गोष्टी विसरत चाललाय, चालण्यात फरक पडलाय, यातलं काहीही दिसलं तर भेटीची तारीख येईपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

वेळ मिळेपर्यंत आठवडे जातील. ते वाया घालवायचे नाहीत.

रोज वीस मिनिटं. टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. तो चाकं फिरवत बसला असेल तिथे तुम्हीही जमिनीवर आडव्या व्हा, तुमचा चेहरा गाडीच्या पलीकडे, त्याच्या नजरेच्या रेषेत. दुसरी गाडी घ्या, उलटी करा, चाक फिरवा. त्याची गाडी घेऊ नका, सरळ करू नका, ‘हा कोणता रंग?’ असं विचारू नका. आज परीक्षा नाही. त्याचं चाक फिरलं की ‘फिर, फिर, फिर’ म्हणा, थांबलं की ‘थांबलं!’ म्हणा. दहा वेळा, वीस वेळा, तेच शब्द, तोच सूर. मग एकदा तुमचं चाक बोटाने धरून ठेवा. श्वास रोखलेला, भुवया वर, आणि मनात पाचपर्यंत मोजा. हे मोजणं सगळ्यात अवघड, आपण आया तिसऱ्या आकड्याला बोलून मोकळ्या होतो. पहिल्या दिवशी काही होणार नाही, आठवडाभरही होणार नाही कदाचित. मग कधीतरी तो चाकावरून नजर उचलून तुमच्याकडे बघेल, अर्धा सेकंद. त्याच क्षणी चाक सोडा : ‘फिर!’ त्या अर्ध्या सेकंदात त्याने तुम्हाला काहीतरी मागितलं आणि तुम्ही दिलंत. मनगट ओढण्यापेक्षा ते कितीतरी पुढचं आहे.

नळाशीही तसंच. त्याने हात नेऊन ठेवला की लगेच चावी फिरवू नका. खाली बसा, त्याच्या उंचीला या, नळाकडे बोट दाखवा, ‘पाणी’ म्हणा, थोडं सोडा, पुन्हा थांबा. पण ‘म्हण आधी, मगच देईन’ असं अडवून रडवू नका. तहानलेल्या मुलाला बोलणं हा दंड वाटायला नको. तो शब्दाऐवजी खुणेने मागायला लागला, चित्राच्या कार्डावर बोट ठेवायला लागला, तर आनंदाने द्या. चित्रं आणि खुणा दिल्या की मूल बोलायचा आळस करतं, ही समजूत चुकीची आहे. त्यांनी बोलणं अडत नाही, उलट संवादाची सवय लागते.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. इंग्लंडमध्ये दोन ते चार वर्षांच्या १५२ स्वमग्न मुलांवर एक अभ्यास झाला. निम्म्या मुलांच्या आईबापांना त्यांचे स्वतःचे मुलाबरोबर खेळतानाचे व्हिडिओ दाखवून शिकवलं गेलं : इथे मुलाने वर बघितलं होतं, तुमच्या लक्षात आलं का? इथे तुम्ही थोडं थांबला असतात तर? जवळपास सहा वर्षांनंतरचा निष्कर्ष २०१६ मध्ये आला. ज्या आईबापांना असं शिकवलं होतं त्यांच्या मुलांत लक्षणांची तीव्रता कमी होती. नाहीशी झाली नव्हती, कमी होती. वाचाउपचारतज्ज्ञ, ज्यांना आपण स्पीच थेरपिस्ट म्हणतो, निवडताना हे एवढं बघा : ते तुम्हाला खोलीत बसवून शिकवतात, की दार लावून तासाभराने मूल परत देतात? मी पहिल्यांकडे जाईन. आवाज, स्पर्श, कपड्यांचं टोचणं यांनी तो बेचैन होत असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टची, म्हणजे मुलाला रोजच्या गोष्टी जमाव्यात म्हणून काम करणाऱ्या तज्ज्ञाचीही मदत घ्या.

नाव कळताच ‘सहा महिन्यांत मुळापासून बरं करतो’ म्हणणारेही कळतील. शरीरातले धातू काढणारी औषधं, दाबाखालचा ऑक्सिजन, स्टेम सेलची इंजेक्शनं. स्वमग्नतेवर यांतल्या कशाचाही उपयोग सिद्ध झालेला नाही आणि धोका खरा आहे. २००५ मध्ये अमेरिकेत धातू काढण्याच्या अशाच एका उपचारादरम्यान पाच वर्षांचा मुलगा दगावला. जिथे शब्द ‘हमखास’ ऐकाल तिथून उठा.

धाकटीकडेही लक्ष राहू द्या, भीतीने नव्हे, सवयीने. थोरल्या भावंडाला स्वमग्नता असेल तर धाकट्यात ती असण्याची शक्यता साधारण पाचांत एक असते. तुमच्या थोरल्याचं निदान अजून झालेलंच नाही, हे ध्यानात ठेवूनच हा आकडा वाचा. ती वर्षाची झाली तरी बोबडं बडबडत नाही, टाटा करत नाही, बोट दाखवत नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःचे दोन शब्द जोडत नाही, यातलं काही दिसलं तर लगेच विचारा. काही दिसलं नाही तरी दीड वर्षाला आणि दोन वर्षांना एकदा तपासून घ्या. मुलींची लक्षणं ‘लाजाळू आहे’ म्हणून नजरेआड होतात, तेवढं जपा.

राहिला तुमचा नवरा. त्याच्याशी ‘तुला मुलाची काळजी नाही’ असा वाद घालू नका. मला वाटतं तोही घाबरलाय, आणि ‘मीही उशिराच बोललो’ या वाक्याला घट्ट धरून उभा आहे. त्याला सांगा की त्याची आठवण डॉक्टरांच्या कामाची आहे, कारण उशिरा बोलणं घराण्यात असणं ही तपासणीत नोंदवायची गोष्ट आहे. त्याला एक काम द्या. मोबाइलवर दोन-दोन मिनिटांचे तीन व्हिडिओ काढायचे : एक हाक मारतानाचा, एक चाकांचा, एक नळाचा. दवाखान्यात अनोळखी खोलीत मूल जे दाखवणार नाही ते त्यात असेल. शब्द होते तेव्हाचे जुने व्हिडिओही शोधायला सांगा, तारखेसकट.

आणि सासूबाईंना, त्या निवांत असतील तेव्हा, जवळ बसून विचारा : ‘हे बोलत नव्हते ना, तेव्हा मागायचे कसे? बोट दाखवायचे? तुमच्याकडे बघायचे? एखादा शब्द येऊन गेला होता का?’ त्यांना आठवेल. आयांना हे आठवतं. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा. खाली थोरल्याचे ते सात-आठ शब्द लिहा, कोणता कधी आला, शेवटचा कधी ऐकलात. जाहिरातीची ओळ तो केव्हा केव्हा म्हणतो तेही लिहा. तपासणीला जाताना वही बरोबर न्या, आणि काय निघालं ते मला कळवा.